दुधाच्या यंत्रांवरील नेमप्लेट पुसल्या जातात: कोणता धातू, कोणते कोरीव काम आणि बसवायची कशी?

प्रश्न (शिरोली, कोल्हापूर)

सर्वांना नमस्कार. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा स्टेनलेस स्टील फॅब्रिकेशनचा छोटा कारखाना असून दूध संकलन केंद्रे आणि लहान-मध्यम डेअऱ्यांसाठी आम्ही साठवण टाक्या, बल्क मिल्क कूलर आणि दुधाचे पंप तयार करतो. वडिलांनी सुरू केलेला हा व्यवसाय गेली अकरा वर्षे मी पाहतो. यंत्राच्या कामाबद्दल तक्रार क्वचितच येते, पण यंत्रावरच्या नेमप्लेटमुळे या वर्षी मला ग्राहकासमोर मान खाली घालावी लागली, म्हणून हा प्रश्न सविस्तर मांडत आहे.

श्रावणात एका संकलन केंद्रावरून संध्याकाळी फोन आला की पंपाचे मेकॅनिकल सील गळत आहे, नवे सील ताबडतोब पाठवा. त्या पंपाची आमची दोन मॉडेल बाहेरून हुबेहूब सारखी दिसतात, परंतु एकाचा शाफ्ट २० मिलिमीटरचा तर दुसऱ्याचा २५ मिलिमीटरचा आहे, त्यामुळे अनुक्रमांक कळल्याशिवाय सील ठरत नाही. मी प्लेटचा फोटो मागवला. फोटोत प्लेट जागेवर होती, चारही कोपरे शाबूत होते, मात्र तिच्यावर एकही अक्षर उरले नव्हते. निळी पार्श्वभूमी आणि पांढरी अक्षरे दोन्ही नाहीशी होऊन मागे राखाडी, खरखरीत पत्रा तेवढा राहिला होता. अंदाजाने पाठवलेले सील चुकीचे निघाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे सगळे दूध त्या माणसांना कॅन उचलून टाकीत ओतावे लागले.

या प्लेट अर्धा मिलिमीटर जाडीच्या ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमच्या, स्क्रीन प्रिंटिंग केलेल्या आणि मागे चिकटपट्टी लावलेल्या होत्या. "आयुष्यभर काही होणार नाही," असे पुरवठादाराने सांगितले होते, आणि आमच्या कार्यालयातील नमुना प्लेट आजही नवी दिसते. त्यानंतर मी आणखी काही केंद्रांवर स्वतः जाऊन पाहिले, तर तीन-चार वर्षांपूर्वीच्या बहुतेक प्लेटची हीच अवस्था होती आणि काही तर गळूनच पडल्या होत्या.

आता स्टेनलेस स्टीलची कोरीव प्लेट करावी असे मनात आहे. पण कोणी एचिंग सुचवतो, कोणी फायबर लेझर, तर कोणी म्हणतो की सरळ यंत्राच्या अंगावरच नंबर पंच मारा. आमचे उत्पादन महिन्याला पंधरा-वीस नग एवढेच आहे. कोणता धातू घ्यावा, अक्षरे कोणत्या पद्धतीने कोरावीत आणि प्लेट यंत्रावर कशी बसवावी, याबद्दल प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी मार्गदर्शन करावे ही विनंती. अलीकडे काही ग्राहक क्यूआर कोडही मागतात. तो धातूवर टिकतो का, हेही सांगावे.

उत्तर १ (नेमप्लेट व्यावसायिक, भोसरी)

नमस्कार. मी बावीस वर्षे हेच काम करतो, त्यामुळे आपल्या फोटोचे वर्णन वाचताच कारण लक्षात आले. आपल्या पुरवठादाराने बहुधा खोटे सांगितले नसावे. त्याच्या डोळ्यांसमोर पंखे, कंट्रोल पॅनेल, वजनकाटे असावेत. कोरड्या जागेत ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम खरोखरच वर्षानुवर्षे टिकते. डेअरीत मात्र त्याची गाठ कॉस्टिक सोड्याशी पडते.

ॲनोडायझिंगमध्ये ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर काही मायक्रॉन जाडीचा ऑक्साइडचा थर वाढवतात, त्याच्या सूक्ष्म छिद्रांत रंग भरतात आणि मग ती छिद्रे बंद करतात. हा थर खरचटण्याला आणि उन्हाला चांगला तोंड देतो, परंतु तीव्र आम्ल किंवा तीव्र अल्कली लागली की विरघळतो. आपल्या ग्राहकांकडे टाक्या आणि पाइप धुण्यासाठी सुमारे १ ते २ टक्के कॉस्टिकचे द्रावण ७० ते ८० अंश तापमानाला फिरवले जात असणार. ते आतून फिरत असले तरी जोडांतून गळते, बादलीतून सांडते, आणि संध्याकाळी तेच उरलेले पाणी घेऊन माणसे यंत्र बाहेरूनही पुसतात. पहिल्यांदा थर जातो, थराबरोबर रंग जातो आणि नंतर उघडे ॲल्युमिनियमही झिजू लागते. तो राखाडी खरखरीतपणा त्याचाच आहे. म्हणून आपल्या कामासाठी ॲल्युमिनियम बाद, छापील असो वा कोरीव.

पितळेचाही विचार करू नका. मंदिराच्या दानपेटीवर किंवा घराच्या दारावर पितळ शोभते, पण दुधाच्या यंत्राजवळ ते काळवंडते, आणि ते घासून चकचकीत करायच्या नादात अक्षरांच्या कडा बोथट होतात. आपल्यासाठी ३०४ प्रतीचे (ग्रेडचे) स्टेनलेस स्टील योग्य आहे. समुद्रकाठी किंवा क्लोरिनचा मारा असलेल्या ठिकाणी माल जाणार असेल तर ३१६ घ्यावे, कारण त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते आणि क्लोराइडमुळे पडणाऱ्या बारीक खड्ड्यांना ते जास्त दाद देत नाही.

आता कोरण्याच्या पद्धतीकडे येतो, कारण खरा घोळ इथेच होतो. "कोरीव" या एका शब्दाखाली बाजारात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

एचिंगमध्ये पत्र्यावर प्रकाशसंवेदी थर देऊन त्यावर फिल्ममधून अक्षरे उमटवतात आणि उघड्या राहिलेल्या भागातील धातू फेरिक क्लोराइडने खाल्ला जातो. खोली साधारण एक दशांश मिलिमीटरच्या आसपास ठेवतात, मग त्या खाचेत रंग भरून प्लेट भट्टीत भाजतात. खोली किती मिळणार हे ऑर्डर देताना विचारून, लिहून घ्या. नुसती जीभ फिरवल्यासारखी केलेली एचिंगही मी पाहिली आहे, तिच्यात रंग बसतच नाही. भरायचा रंगही विचारा. साध्या अल्किड एनॅमलमधील तेलाचा अंश कॉस्टिकच्या संगतीत अक्षरशः साबण होऊन सुटतो, म्हणून डेअरीसाठी भाजलेला इपॉक्सी मागावा. तरीही काही वर्षांनी रंग जाऊ शकतो, पण खाच राहते, आणि खाच आहे तोवर आकडा वाचता येतो. मला एचिंग आवडते ते एवढ्यासाठीच.

फायबर लेझरचे दोन प्रकार नीट वेगळे ओळखावेत. एकात किरण धातू फक्त तापवतो, पृष्ठभागावर काळा ऑक्साइड तयार होतो आणि अक्षरे सुबक काळी दिसतात. बोट फिरवले तर काहीच लागत नाही, कारण धातू निघालेलाच नसतो. याला ॲनिलिंग मार्किंग म्हणतात. दुसऱ्यात किरण अनेक वेळा फिरवून धातू उडवतात आणि खरी खाच तयार करतात. त्याला वेळ जास्त लागतो, म्हणून दरही जास्त असतो. दुकानदार "लेझर एनग्रेव्हिंग" म्हणून दर सांगतो तेव्हा बहुतेक वेळा तो पहिल्या प्रकाराचा असतो. नमुन्यावर नख आडवे ओढून पाहावे. नख अडकले तर ते एनग्रेव्हिंग, घसरून गेले तर मार्किंग. आणि एखाद्याकडे केवळ सीओटू लेझर असेल तर तो उघड्या स्टीलवर थेट खूण करू शकत नाही. त्याला खास लेप फवारून तो भाजून चिकटवावा लागतो.

आपल्या महिन्याच्या पंधरा-वीस नगांचा विचार करता मी मिश्र पद्धत सुचवीन. कंपनीचे नाव, पत्ता, रकान्यांची नावे, सूचना हा न बदलणारा मजकूर असलेल्या दोनशे-तीनशे प्लेट एकदाच एचिंग करून घ्याव्यात, कारण एचिंगमध्ये फिल्म आणि तयारीचा खर्च एकदाच होतो व तो जास्त नगांवर वाटला जातो. अनुक्रमांक, मॉडेल, महिना-वर्ष, क्षमता यांचे रकाने कोरे ठेवावेत. यंत्र तयार होईल तसे ते रकाने जवळच्या लेझरवाल्याकडून खोल कोरून घ्यावेत किंवा कारखान्यातच ३ मिलिमीटरच्या नंबर पंचाने मारावेत. पंच मारायचा असेल तर प्लेट बसवण्यापूर्वी सपाट ऐरणीवर ठेवून मारा. स्टेनलेस ठोक्याने कठीण होत जाते, त्यामुळे एकाच आकड्यावर दोन-तीनदा ठोकू नये. दुसरा ठोका हमखास सरकतो आणि ३ चा ८ दिसू लागतो. प्लेट १ मिलिमीटर जाड असावी. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा पंचाने फुगतो आणि मग तो पाठीमागे टेकत नाही.

कोपरे गोल करून घ्यायला विसरू नका. यंत्र पुसणाऱ्याचा हात रोज त्या कोपऱ्यावरून जातो.

उत्तर २ (डेअरी देखभाल विभागातून निवृत्त, सांगली)

भोसरीच्या सदस्यांनी धातू आणि अक्षरे यांबद्दल जे लिहिले आहे त्याला माझा पूर्ण दुजोरा आहे. मी एकतीस वर्षे डेअरीच्या देखभालीत काढली, आणि माझा अनुभव असा की अक्षरे पुसून बेकार झालेल्या प्लेटपेक्षा जागेवरून निखळून हरवलेल्या प्लेट मी जास्त पाहिल्या आहेत. म्हणून बसवण्याबद्दल सविस्तर लिहितो.

स्टेनलेसची प्लेट ॲल्युमिनियमच्या पॉप रिव्हेटने बसवणे ही सर्रास होणारी चूक आहे, कारण कारखान्यात हाताशी त्याच रिव्हेट असतात. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकत्र आले की त्यांतला रासायनिकदृष्ट्या जास्त सक्रिय धातू, म्हणजे इथे ॲल्युमिनियम, गंजतो, आणि इथे तर मोठ्या पृष्ठभागाच्या स्टेनलेससमोर रिव्हेटचे टिचभर ॲल्युमिनियम असते, त्यामुळे सगळा मारा त्या टिचभर धातूवर पडतो. त्यात कॉस्टिकची भर. वर्षभरात रिव्हेटच्या डोक्याभोवती पांढरी पूड दिसू लागते, मग डोके उडते आणि पाण्याच्या फवाऱ्याबरोबर प्लेट गटारात जाते. रिव्हेटही स्टेनलेसचीच घ्यावी. मारायला जोर लागतो, साधी हात-गन कुरकुर करते, पण त्याला पर्याय नाही.

दुसरी गोष्ट आपण टाक्या बनवता म्हणून कळकळीने सांगतो. बल्क मिल्क कूलरच्या बाहेरच्या पत्र्याला भोक पाडून प्लेट कधीही लावू नका. त्या पत्र्यामागे पफचे (पॉलियुरेथेन फोमचे) इन्सुलेशन असते. भोकातून धुण्याचे पाणी आत शिरते, बाहेर येत नाही, आणि इन्सुलेशन भिजले की दूध थंड व्हायला वेळ लागतो, कॉम्प्रेसर जास्त चालतो, विजेचे बिल वाढते आणि कारण कोणालाच सापडत नाही. मी एकदा अशा टाकीचा खालचा पत्रा कापला तेव्हा आतून काळे, आंबूस वासाचे पाणी जवळजवळ अर्धी बादली निघाले. भोके चारच होती, नेमप्लेटची.

योग्य पद्धत म्हणजे टाकी बांधतानाच बाहेरच्या पत्र्यावर किंवा पायाच्या वरच्या भागावर स्टेनलेसचा एक छोटा ब्रॅकेट वेल्डिंगने बसवून घ्यावा आणि प्लेट त्या ब्रॅकेटवर रिव्हेट करावी. प्लेट आणि टाकी यांच्यात बोट जाईल एवढी जागा ठेवा, म्हणजे मागे दूध व घाण साचणार नाही आणि फडके फिरवता येईल. टाकीला घट्ट टेकवून चार कोपऱ्यांवर रिव्हेट केलेल्या प्लेटमागे दुधाचा थर साचून किडे झालेले मी पाहिले आहेत, आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने सगळ्यात आधी तिथेच बॅटरी मारली होती.

पंपाची गोष्ट वेगळी. पंपाचे बॉडी-कास्टिंग किंवा मोटरची बॉडी ओतीव लोखंडाची असेल तर तिथे ३ मिलिमीटरचे भोक पाडून ठोकून बसवायचे ड्राइव्ह स्क्रू चालतात. मोटरवरच्या प्लेट बहुतेक तशाच बसवलेल्या असतात. पण मोटर रिवाइंडिंगला गेली की तिची प्लेट कधी काढली जाते, कधी दुसऱ्याच मोटरवर लागते. म्हणून पंपाची प्लेट मोटरवर लावू नका, पंपाच्या बेस फ्रेमवर लावा. शिवाय तोच अनुक्रमांक पंपाच्या फ्लँजच्या (पाइप जोडायच्या चकतीच्या) कडेवर पंचाने मारून ठेवा. प्लेट हरवली तरी आकडा यंत्राबरोबर राहतो.

चिकटपट्टीबद्दल एवढेच सांगतो की चांगल्या प्रतीची ॲक्रिलिक फोम टेप खरोखर मजबूत असते, परंतु पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेला, कोरडा असावा लागतो, दाबून लावावी लागते आणि पूर्ण पकड यायला सुमारे ७२ तास लागतात. आपल्याकडे प्लेट चिकटवून त्याच दुपारी यंत्र टेम्पोत चढते आणि दुसऱ्या दिवशी धुतले जाते. पॅनेलच्या दारावर टेप ठीक आहे. धुण्याच्या जागी नको.

शेवटचा एक मुद्दा फॅब्रिकेशनच्या क्रमाचा. वेल्डिंगचे डाग काढायला आपण पिकलिंग पेस्ट लावत असाल. तिच्यात नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. लेझरने तापवून काढलेली काळी अक्षरे या पेस्टचा ओघळ लागला की साफ निघून जातात. प्लेट नेहमी पिकलिंग आणि धुलाई झाल्यावर, अगदी शेवटी बसवावी.

उत्तर ३ (मासळी प्रक्रिया केंद्र, रत्नागिरी)

आमच्याकडे खारा वारा, खारे पाणी आणि निर्जंतुकीकरणासाठी हायपोक्लोराइट अशी तिन्ही संकटे एकत्र असल्यामुळे थोडी भर घालतो. ३०४ च्या प्लेटवर आमच्याकडे पहिल्याच पावसाळ्यानंतर चहा सांडल्यासारखी तपकिरी छटा आणि टाचणीच्या टोकाएवढे ठिपके आले. ३१६ च्या प्लेट बऱ्याच चांगल्या राहिल्या, मात्र त्यांवर लेझरने घाईघाईत मारलेले आकडे गंजले, प्लेट नाही. चौकशी केल्यावर कळले की किरणाची उष्णता जास्त झाली की तिथला क्रोमियमचा संरक्षक थर बिघडतो. आता आम्ही लेझर झाल्यावर प्लेट सायट्रिक आम्लाच्या द्रावणात ठेवून पॅसिव्हेट करून घेतो, म्हणजे तो संरक्षक थर पुन्हा तयार होऊ देतो, आणि नंतर स्वच्छ पाण्याने धुतो. त्यानंतर ती तक्रार राहिलेली नाही. चकचकीत पॉलिश टाळा आणि बारीक ब्रश फिनिश घेतले तर त्याच्या रेषा उभ्या ठेवा, म्हणजे पाणी निथळते. आडव्या रेषांत मीठ बसते.

उत्तर ४ (साखर कारखाना, देखभाल अभियंता)

डेअरीपेक्षा आमचे वातावरण निराळे असले तरी एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. गळीत हंगाम संपला की ऑफ सीझनमध्ये सगळ्या यंत्रांची रंगरंगोटी होते, आणि रंगारी पंप, गिअरबॉक्स, मोटर यांच्याबरोबर नेमप्लेटही रंगवून टाकतो. पाच-सहा हंगामांचे थर चढल्यावर प्लेट कुठे आहे हेही हाताने चाचपून शोधावे लागते. रंग काढण्यासाठी थिनर लावला की छापील प्लेटवरचा मजकूरही रंगाबरोबर फडक्यावर येतो, तर एचिंगची प्लेट थिनरने घासल्यावर पुन्हा वाचता येते. आमच्याकडे १९७० च्या दशकातील एका गिअरबॉक्सची पितळी कोरीव प्लेट आहे. तिचा सगळा रंग गेला असूनही तिच्यावर पातळ कागद धरून मऊ पेन्सिल आडवी घासली की गिअर रेशो, अनुक्रमांक आणि तेलाचा प्रकार कागदावर पांढऱ्या अक्षरांत उमटतो. सुटे भाग मागवताना आम्ही तो कागदच पाठवतो. आपण ग्राहकाला यंत्र देताना रंगकामापूर्वी प्लेटवर ग्रीस लावावे किंवा मास्किंग टेप चिकटवावी, एवढी सूचना पुस्तिकेत जरूर द्यावी.

आणखी एक. प्लेटवर काय लिहायचे यावरही विचार करा. आमच्या पंपांवरच्या काही प्लेटवर कंपनीचे चिन्ह तळहाताएवढे मोठे असते आणि अनुक्रमांक मात्र मुंगीच्या अक्षरात. रात्रपाळीला टॉर्चच्या उजेडात, वाफेत उभे राहून चिन्ह कोणी वाचत नाही. अनुक्रमांक सर्वांत मोठा असावा, किमान ५ मिलिमीटर उंचीचा.

प्रश्नकर्ता (शिरोली)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले त्याबद्दल मनापासून आभार. ॲल्युमिनियमच्या रिव्हेटची चूक आम्हीही केली आहे, हे सांगलीच्या साहेबांचे उत्तर वाचून गोदामात जाऊन पाहिले तेव्हा लक्षात आले. दुरुस्तीला आलेल्या एका पंपावर अगदी तीच पांढरी पूड होती. आणखी दोन शंका विचारतो. संकलन केंद्रावर काम करणाऱ्यांसाठी "झाकण उघडण्यापूर्वी विद्युतपुरवठा बंद करा" आणि "पंप कोरडा चालवू नका" या सूचना मराठीत कोरायच्या आहेत, पण एका ठिकाणी केलेल्या नमुन्यात मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत मिसळून गेले. आणि क्यूआर कोडचे काय करावे?

उत्तर १ (भोसरी)

मराठी मजकुराबद्दल विचारलेत याचा आनंद झाला, कारण बहुतेक कारखानदार इंग्रजी मजकूर देऊन मोकळे होतात आणि ज्याच्या बोटांना धोका आहे त्याला तो वाचता येत नाही.

देवनागरीत अक्षराच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असतात. त्यामुळे एका ओळीच्या उंचीत मूळ अक्षराच्या वाट्याला इंग्रजीपेक्षा कमी जागा येते. इंग्रजी अक्षर २ मिलिमीटर उंचीलाही चालते, देवनागरीला मात्र मी मूळ अक्षराची उंची ४ मिलिमीटरच्या खाली जाऊ देत नाही. एचिंगमध्ये आम्ल केवळ खोल जात नाही, ते बाजूंनाही खाते, म्हणून बारीक अनुस्वाराचा ठिपका पसरून मात्रेला जाऊन चिकटतो. फॉन्ट सरळ, एकसारख्या जाडीचा घ्या. जाड-बारीक रेघांचा वळणदार फॉन्ट लग्नपत्रिकेत छान दिसतो, पण धातूवर त्याच्या बारीक रेघा उमटत नाहीत.

यापेक्षा मोठा धोका फाइलचा आहे. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये उघडला की जोडाक्षरे फुटतात. "विद्युत" मधील द्य सुटा होऊन द खाली पाय मोडलेला दिसतो, पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते, आणि फिल्म बनवणाऱ्याला मराठी येत नसेल तर ते तसेच कोरले जाते. अक्षरे कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टवर अवलंबून नसलेल्या आकृत्यांत, बदलून पीडीएफ पाठवा आणि फिल्म निघाल्यावर तिचा फोटो मागवून स्वतः एकेक अक्षर वाचा. माझ्याकडे दुरुस्तीला जागा आहे ती तिथवरच. पत्रा आम्लात गेला की संपले.

क्यूआर कोड धातूवर टिकतो, पण वाचला जाईल की नाही हे चकाकीवर ठरते. आरशासारख्या स्टेनलेसवर मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्वतःचेच प्रतिबिंब दिसते. कोडाखालचा भाग मॅट करून घ्या, काळे चौकोन रंग भरून किंवा गडद लेझरने करा आणि कोडाभोवती चारही बाजूंना कोडातल्या चार लहान चौकोनांएवढी कोरी जागा सोडा. कोड बनवताना चूक-दुरुस्तीची (एरर करेक्शनची) सर्वांत वरची पातळी निवडली तर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. मात्र पातळी वाढवली की चौकोन वाढतात आणि बारीक होतात, म्हणून मजकूर थोडा ठेवा. कोडात केवळ अनुक्रमांक असावा किंवा आपल्या स्वतःच्या संकेतस्थळाचा छोटा पत्ता असावा. फुकट लिंक देणाऱ्या सेवेचा पत्ता कोरू नका, कारण प्लेट पंधरा वर्षे राहील आणि ती सेवा राहीलच असे नाही. कोडाखाली तोच अनुक्रमांक आकड्यांत असलाच पाहिजे.

पंपांवर आयएसआय चिन्ह घेणार असाल तर चिन्ह, संबंधित भारतीय मानकाचा क्रमांक आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक यांची जागा मानकातील चिन्हांकनाच्या कलमाप्रमाणे आधीच आराखड्यात ठेवा. नंतर जागा उरत नाही आणि मग वेगळे स्टिकर लावले जाते, तेच सगळ्यात आधी सुटते.

ऑर्डर देण्यापूर्वी मात्र स्वतः चाचणी करा. घरगुती विद्युत उपकरणांच्या सुरक्षेच्या मानकात खुणांसाठी एक साधी चाचणी आहे: पाण्यात भिजवलेल्या फडक्याने १५ सेकंद आणि मग पेट्रोलियम स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्याने आणखी १५ सेकंद हाताने घासायचे, आणि त्यानंतर मजकूर वाचता आला पाहिजे. आपल्या कामाला ती पुरेशी नाही. आपल्याला त्यात गरम कॉस्टिकची भर घालावी लागेल. चष्मा आणि रबरी हातमोजे घालून, उघड्या हवेशीर जागेत करा, कारण ॲल्युमिनियम कॉस्टिकमध्ये पडले की हायड्रोजन वायू सुटतो.

प्रश्नकर्ता (शिरोली), दोन महिन्यांनंतर

कळवायला उशीर झाला, क्षमस्व. स्टेनलेसच्या तीन प्रकारच्या नमुना प्लेट मागवून जुन्या ॲल्युमिनियमच्या प्लेटबरोबर चाचणी केली. स्टीलच्या पातेल्यात २ टक्के कॉस्टिक ७५ अंशांपर्यंत तापवून त्यात जुनी ॲल्युमिनियमची प्लेट सोडली, तेव्हा कडांवरून लगेच बुडबुडे निघू लागले आणि काही मिनिटांतच निळा रंग द्रावणात उतरला. जे मी अनेक केंद्रांवर पाहिले होते ते डोळ्यांदेखत घडले. स्टेनलेसच्या तिन्ही नमुन्यांना धातू म्हणून काही झाले नाही. साध्या एनॅमलने भरलेल्या एचिंगचा रंग चौथ्या दिवशी फडक्यावर आला, खाच मात्र स्वच्छ वाचता येत होती. इपॉक्सीने भरलेली प्लेट रोज अर्धा तास याप्रमाणे तीन आठवडे बुडवून काढली, तिच्या रंगाची चमक गेली पण रंग राहिला. काळ्या लेझर मार्किंगला कॉस्टिकने काही केले नाही. सांगलीच्या साहेबांनी सांगितल्याप्रमाणे पिकलिंग पेस्टचा एक ठिपका ठेवला, तो धुतल्यावर त्या जागचा आकडा नव्हता.

त्यानुसार ३०४ च्या, १ मिलिमीटर जाडीच्या, इपॉक्सी भरलेल्या एचिंगच्या तीनशे प्लेट सांगितल्या आहेत. अनुक्रमांक ६ मिलिमीटर उंचीचा, खोल लेझरने कोरून घेऊ आणि पंपाच्या फ्लँजवर तोच पंचाने मारू. फिल्मचा फोटो आला तेव्हा "पूर्वी" मधला रफार गायब होता. तो सापडला, दुरुस्त करून घेतला. टाक्यांच्या ड्रॉइंगमध्ये नेमप्लेटचा ब्रॅकेट कायमचा समाविष्ट केला आहे, आणि रत्नागिरीकडे जाणाऱ्या दोन टाक्यांसाठी ३१६ च्या प्लेट उभ्या ब्रश फिनिशमध्ये वेगळ्या करून घेतल्या आहेत.

जुन्या ग्राहकांकडच्या कोऱ्या झालेल्या प्लेटचे काम सध्या सुरू आहे. आमच्या वह्यांत डिलिव्हरीची तारीख आणि पंपाच्या कास्टिंगवरचा हीट नंबर (ओतकामाच्या घाण्याचा क्रमांक) नोंदलेला असल्यामुळे मेळ घालून अनुक्रमांक शोधता येत आहेत. ज्या केंद्राला चुकीचे सील गेले होते तिथली नवी प्लेट गेल्या रविवारी मी स्वतः जाऊन बसवली, स्टेनलेसच्या रिव्हेटने, बेस फ्रेमवर.